इनलाईन स्केटिंग शिकायचंय? आधी बूट बघा, चाकं नंतर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी सगळीकडं स्केटिंगच्या शिबिरांचे बोर्ड दिसायला लागतात, मग आईबाप लेकराला घेऊन थेट दुकानात जातात आणि दुकानदार सांगतो हे लाईटवालं घ्या, साईज कमी-जास्त होते, चार वर्षं बघायची गरज नाही. महिन्याभरात ते स्केट माळ्यावर जातात, कारण लेकराचे घोटे आत वाकतात, पाय दुखतात, दोन फेऱ्या मारून ते खाली बसतं आणि घरचे म्हणतात याच्यात दमच नाही. लेकरात दम भरपूर असतो हो, त्याच्या पायातला बूट मऊ असतो. हे इतक्यांदा बघितलंय की आता कुणी कोणते स्केट घेऊ म्हणून विचारलं तर मी पहिल्यांदा बुटाचंच बोलतो. चाकं बदलता येतात, बेअरिंग बदलता येतात, ब्रेकचं रबर बदलता येतं, पण बूट चुकला तर पूर्ण जोडीच नवीन घ्यावी लागते.

आणि हे मोठ्यांनाही तितकंच लागू आहे. तिशी-चाळिशीत शिकायला आलेली माणसं मी बघतो, ती लेकरांपेक्षा हळू शिकतात पण नीट शिकतात, कारण सांगितलेलं ऐकतात. त्यामुळं वयाचा विचार करून मागं सरू नका.

आधी ठरवा, कशासाठी घ्यायचेत

क्वाड म्हणजे पुढं दोन मागं दोन चाकं, आणि इनलाईन म्हणजे एका ओळीत तीन किंवा चार. आपल्याकडच्या बऱ्याच क्लबात लहान लेकरांना क्वाडवरच सुरू करतात, आणि स्पर्धेत क्वाड आणि इनलाईनचे गट वेगळे असतात, त्यामुळं लेकराला पुढं जिल्हा-राज्य पातळीवर खेळवायचा विचार असेल तर खरेदीच्या आधी तुमच्या सरांना विचारा, ते कोणत्या गटात उतरवणार आहेत. स्केट घेऊन मग सरांकडं जायचं हा उलटा कारभार आहे, त्यात पैसे जातात. नुसतं शिकायचंय, व्यायाम करायचाय, कॉलनीत सकाळी फिरायचंय, तर इनलाईन घ्या. क्वाडची चाकं लहान असतात, आपल्या रस्त्यांवरची कच त्यांना अडवते.

अजून एक. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये ३००० मीटर रिलेत भारताच्या पोरांनी आणि पोरींनी दोघांनीही कांस्य आणलं, २०२५ मध्ये चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार १००० मीटरमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि त्यांचे व्हिडिओ बघून लोकं म्हणतात आम्हाला तसलेच स्केट पाहिजेत. ते स्पीडचे स्केट असतात, बूट घोट्याच्या खालीच संपतो, कार्बनचा कडक तळ आणि खाली १००-११० एमएमची मोठी चाकं. त्या खेळाडूंचे घोटे वर्षानुवर्षं घडलेत. नवख्या माणसाला तसल्या बुटात घोट्याला काहीच आधार मिळत नाही. पहिले स्केट उंच बुटाचेच घ्या, घोट्याच्या वर चार बोटं तरी गेला पाहिजे.

बूट कसा बघायचा

दुकानात स्केट हातात घ्या आणि वरचा भाग, जिथं घोटा बसतो तिथं, दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांनी जोरात दाबा. आत दबला, चेपला, तर ठेवून द्या. पुढं-मागं थोडा वाकला तर चालतं, उलट वाकलाच पाहिजे, नाहीतर गुडघे वाकवता येणार नाहीत, पण आडवा अजिबात वाकायला नको. मग स्केट काउंटरवर उभा ठेवा आणि मागून बघा, चाकांची ओळ बुटाच्या बरोबर मधोमध आणि सरळ पाहिजे. हजार-दीड हजाराच्या आसपास जे खेळण्यातले स्केट मिळतात त्यांची चाकं बसवलेली पट्टी बऱ्याचदा इथंच तिरकी दिसते.

मग पायात घाला. इथं लोकं घाई करतात. पद्धत अशी, की आधी पोटरीपर्यंत येणारा पातळ किंवा मध्यम मोजा, अँकल मोजा नको, त्यानं बुटाची कड घासून पाय सोलतो. पाय आत घातला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची, म्हणजे टाच पार मागं बसते, आणि त्यानंतरच लेस बांधायची, पंजावर थोडी सैल आणि वर घोट्याकडं घट्ट. मधे जो तिरका पट्टा असतो तो टाचेला खाली दाबून धरतो, तो नीट ओढा. शेवटी वरचं बक्कल. आता उभं राहून गुडघे वाकवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर थोडी मागं सरकली पाहिजेत, हे बरोबर माप. टाच वर उचलून बघा, आत टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, मग दुकानदार काहीही म्हणू दे.

वीस मिनिटं तसंच घालून बसा-उठा. दुकानात चहा मागवला तरी चालेल पण वीस मिनिटं द्या. पंजाखाली थोडी ओढ लागणं हे नवीन माणसाला होतंच, ते आठवड्या-दोन आठवड्यात कमी होतं. पण घोट्याच्या हाडावर एका जागी टोचत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर ती जोडी तुमची नाही. आपल्याकडं बऱ्याच जणांचे पंजे पुढून रुंद असतात, आणि काही कंपन्यांचे बूट पुढं एकदम निमुळते, त्यामुळं ब्रँडचं नाव बघून घेऊ नका, पाय घालून घ्या.

माप घरीच काढून न्या

संध्याकाळी मोजा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. मोजा घालून भिंतीला टाच लावायची, खाली कागद, आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिल उभी धरून खूण. भिंतीपासून खुणेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं. एक पाय थोडा मोठा निघतो, तोच धरायचा. स्केटच्या खोक्यावर किंवा कडक बुटाच्या आत जो मऊ अस्तराचा बूट असतो त्यावर सेंटीमीटर किंवा मिलिमीटरचा आकडा असतो, त्याच्याशी जुळवा. चपलेचा नंबर सांगून ऑनलाईन मागवलं की हमखास घोळ होतो, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा. ऑनलाईनच घ्यायचं असेल तर परत करायची सोय आहे का ते आधी वाचा आणि आल्यावर घरात फरशीवरच घालून बघा, बाहेर चालवलेली चाकं कुणी परत घेत नाही.

लेकरांसाठी कमी-जास्त होणारे स्केट वाईट नसतात, घोट्याजवळ कडक असतील तर खुशाल घ्या. फक्त ते आत्ता पायाला बसतात का हे बघायचं, पुढच्या वर्षी बसतील हे नाही. दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढं कापूस कोंबणारे पालक आहेत. बाबांनो, त्यात लेकरू शिकत नाही, नुसतं तोल सांभाळत बसतं.

बजेट कमी असेल तर नवीन स्वस्त घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचे जुने घ्या. लेकरांचे पाय वाढतात म्हणून क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कितीतरी जोड्या जवळपास कोऱ्याच निघतात. बुटाच्या प्लास्टिकला चीर नाही ना, बक्कल धरतंय ना, आतला मऊ बूट दबून पातळ झालेला नाही ना, एवढं बघा. चाकं झिजलेली असली तरी चालतं, त्याचे पैसे भावात कमी करून घ्या.

चाकं आणि बेअरिंग

चाकावर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ८० एमएम ८२ए. पहिला व्यास, दुसरा कडकपणा. मोठ्यांनी पहिल्या जोडीला ७६ ते ८० एमएम घ्यावं, लहानांना त्याहून लहान येतात. चाक मोठं तर वेग जास्त आणि खडी सहज ओलांडतं, पण माणूस जमिनीपासून उंच जातो आणि तोल अवघड होतो. कडकपणा ७८ए म्हणजे मऊ, ८५ए म्हणजे कडक. खडबडीत सिमेंट रोडला ८०-८२ए च्या आसपासचं बरं वाटतं, धक्का कमी बसतो. गुळगुळीत हॉलमध्ये ८५ए चालतं. फक्त चाक पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, असल्याची खात्री करा. खेळण्यातल्या स्केटना पीव्हीसीची चाकं असतात, नखानं दाबलं तर प्लास्टिकच्या बाटलीसारखी लागतात, ती पकड धरत नाहीत आणि फरशीवर सटकतात.

बेअरिंगवर एबेक ५, एबेक ७, एबेक ९ असलं लिहितात आणि दुकानदार त्याच्यावर भाव वाढवतो. हा आकडा बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय ते सांगतो, वेग सांगत नाही. नवख्याला ५ आणि ७ मधला फरक कळणारसुद्धा नाही. त्याऐवजी त्याला रबराचं सील आहे का ते विचारा, आपल्या फुफाट्यात त्याचा खरा उपयोग.

ब्रेक पाहिजेच. साधारण उजव्या स्केटला टाचेमागं रबराचा ठोकळा असतो. स्लॅलॉमसाठीचे, म्हणजे ओळीनं ठेवलेल्या शंकूंमधून वळणं घेत जायच्या प्रकाराचे, काही भारी स्केट ब्रेकशिवाय येतात, ते पहिली जोडी म्हणून घेऊ नका.

गार्ड: यात कंजुषी नको

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर, गुडघे. यात सगळ्यात जास्त टाळलं जातं ते मनगटाचं, आणि सगळ्यात जास्त मोडतं तेच, कारण पडताना माणूस आपोआप हात पुढं टेकतो. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटाचं गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीची शक्यता जवळपास दहापट निघाली होती. गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला कडक प्लास्टिकची पट्टी पाहिजे, नुसत्या कापडी ग्लोव्हजचा काही फायदा नाही. हेल्मेट सायकल-स्केटिंगचं घ्या, आत ईएन १०७८ या युरोपातल्या सुरक्षा मानकाचा शिक्का असतो. मोटारसायकलचं हेल्मेट जड पडतं आणि मान अवघडते. ते डोक्यावर हलायला नको, पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल.

मुलींनी, बायकांनी ओढणी घरी ठेवून यायची, चाकात अडकते. ट्रॅक पँट किंवा लेगिंग बरी. चाळिशीतल्या ताई-काकू ट्रॅक पँट घालून बिनधास्त शिकायला येतात आणि अशानंच बाकीच्या बायकांची भीड मोडते, लई चांगलं वाटतं बघून.

जागा आणि वेळ, मराठवाड्याच्या हिशोबानं

पुस्तकात लिहितात सपाट मोकळी जागा शोधा. आपल्याकडं शोधायची कुठं ते सांगतो. संभाजीनगरला गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे, बाकी जिल्ह्यांच्या गावीही क्रीडा संकुलं आहेत, तिथं आत कुठं परवानगी मिळते ते जाऊन विचारा. शाळेचा बास्केटबॉल कोर्ट रविवारी सकाळी रिकामा असतो, मुख्याध्यापकांना अर्ज दिला तर बऱ्याचदा हो म्हणतात. मंगल कार्यालयाची सिमेंटची पार्किंग, लग्नतिथी नसेल त्या दिवशी, एकदम मस्त. आणि सगळ्यात भारी जागा म्हणजे गावाबाहेरची एनए प्लॉटिंग, जिथं सिमेंटचे रस्ते होऊन पडलेत आणि घरं अजून उठलेली नाहीत. ना गाड्या ना गर्दी. फक्त कुत्र्यांचा अंदाज घ्या आणि एकट्यानं जाऊ नका.

पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर नवख्यानं जायचंच नाही, प्रत्येक फटीत चाक अडखळतं. डांबरी रस्ता नवीन असेल तर ठीक, जुना खडबडीत. हायवे, बायपास, समृद्धी यांचा विचारही नको.

खराटा सोबत न्या. खरंच. शिकायच्या पट्ट्यातली कच, बारीक खडी आधी झाडून काढली की निम्मी पडझड वाचते. दिवाळीच्या आसपास सिमेंट रोडवर सोयाबीन, मका वाळत घातलेला असतो, रास उचलल्यावरही भुसकट आणि दाणे मागं राहतात आणि त्यावर चाक एकदम सटकतं. पुढं ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की कांड्या आणि पाचट पडतं. तर रस्ता आधी चालत बघून घ्यायचा, मग स्केट बांधायचे.

सुरुवातीला सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, डांबर मऊ पडतं, सिमेंट तापतं, आणि नेमकी तेव्हाच शिबिरं असतात. जायचं तर सकाळी आठच्या आत आटपा, पाण्याची बाटली आणि लिंबू-मीठ-साखर जवळ ठेवा. पावसाळ्यात ओल्या जागेवर नाही म्हणजे नाही, पीयू चाक ओल्या फरशीवर पकड सोडतं आणि बेअरिंग गंजतात ते वेगळंच.

आता शिकूया

पहिला दिवस गवतावर. बागेतलं लॉन चांगलं, चाकं फिरत नाहीत, उभं राहायचा सराव होतो. घरात करायचं तर जाड गादीवर. फरशीवर सतरंजी टाकून करू नका, सतरंजीच सरकते. सगळे गार्ड घालून उभं राहा, टाचा जवळ आणि पंजे बाहेर, इंग्रजी व्हीसारखे. गुडघे वाकवा, इतके की वरून बघितल्यावर गुडघ्यामुळं पायाची बोटं दिसायला नकोत, आणि नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली जाणवली पाहिजे. हात पुढं, नजर समोर. घाबरलेला माणूस ताठ होतो आणि मागं झुकतो, आणि मागं पडणं हेच धोक्याचं, कारण त्यात माकडहाड आणि डोकं. म्हणून तोल जातोय असं वाटलं की ताठ व्हायचं नाही, अजून खाली बसायचं, हात गुडघ्यांवर.

त्याच गवतावर पडायला शिका. हे लोकं टाळतात, लाज वाटते. आधी गुडघ्याचे पॅड टेकवा, मग कोपर, मग मनगट, बोटं वर उचललेली, आणि पुढं घसरू द्या. पाच-सात वेळा मुद्दाम पडा. मग उठायचं, दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाय पुढं उभा करा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर ठेवून सरळ वर या. दुसऱ्याचा हात धरून उठायची सवय लावू नका, धरणाराही पडतो.

हे जमलं की सिमेंटवर. व्हीमध्ये छोटी छोटी पावलं टाका, चालायचं फक्त, पुढं ढकलायचं नाही. चाकं आपोआप थोडी थोडी घरंगळायला लागतात. मग दोन-तीन पावलं आणि थांबून दोन्ही पायांवर घरंगळणं. मग एका पायानं बाजूला ढकलायचं, मागं नाही बरं का, बाजूला, आणि दुसऱ्या पायावर वजन देऊन जितकं जाता येईल तितकं जायचं. एका पायावर उभं राहायचा सराव घरी ओट्याला धरून रोज करा, यातच सगळं आहे.

आणि वेग घ्यायच्या आधी थांबायला शिका. टाचेचा ब्रेक असा, की घरंगळत असताना ब्रेकवाला पाय पुढं सरकवा, मागच्या पायाचा गुडघा वाकवून वजन त्याच्यावर ठेवा, पुढच्या पायाचा पंजा हलकेच उचला म्हणजे रबर टेकतं, आणि मग खुर्चीवर बसल्यासारखं खाली जात टाच दाबा. पहिल्यांदा खूप हळू वेगात. ब्रेक लागेपर्यंत चार-पाच मीटर लागतात, ते गृहीत धरा. दुसरा मार्ग म्हणजे पाय रुंद पसरून पंजे आत वळवायचे आणि टाचा बाहेर ढकलायच्या, लेकरांना हे लवकर जमतं. एक पाय मागं आडवा घासून थांबायची टी-स्टॉप ही पद्धत दिसायला भारी आहे पण चाकं खाते आणि एका पायावरचा तोल मागते, ती नंतर.

उतार लागला आणि भीती वाटली तर सरळ बाजूच्या गवतात किंवा मातीत शिरा, चालत थांबा. लेकराला मागून ढकलू नका, आणि स्कूटीला धरून स्केटिंग करणारी पोरं दिसली तर तिथंच थांबवा.

रोज वीस मिनिटं पुरे. थकलेल्या पायांनीच जास्त पडझड होते.

देखभाल

घरी आल्यावर बक्कल उघडून आतला बूट काढून सावलीत वाळवा, उन्हात नाही. चाकं कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्यानं धुवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी, फुफाट्यात चालवत असाल तर लवकरच, चाकं खोला, बहुतेक स्केटला ४ एमएमची अॅलन की लागते. बेअरिंग खरखरत असेल तर काढून, सील उघडून, क्लीनरनं साफ करा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. बोल्ट परत बसवताना चाक मोकळं फिरतंय पण हलत नाही इतकंच आवळा, आणि चालवायच्या आधी दर वेळी एकदा हात लावून बघा, सैल झालेला बोल्ट रस्त्यात निघतो.

चाकांची आतली कड आधी झिजते. तेव्हा पहिलं चाक तिसऱ्या जागी, दुसरं चौथ्या जागी, आणि डाव्या स्केटची उजव्याला, असं फिरवून लावा की झिजलेली कड बाहेरच्या बाजूला येईल. ब्रेकच्या रबरावर बऱ्याचदा रेघ असते, तिथपर्यंत घासलं की नवीन टाका. ते मोठ्या दुकानात सुटं मिळतं, पण तुमच्याच मॉडेलचं मागा, नाहीतर भोक जुळत नाही.